पहारा चिठ्ठ्या टाकून ठरवा

३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये वाढवण बंदराची पायाभरणी झाली, त्याच कार्यक्रमात मासेमारी नौकांवर टप्प्याटप्प्याने १ लाख ट्रान्सपाँडर (नौकेची जागा कळवणारी संदेशयंत्रं) बसवण्याच्या योजनेलाही सुरुवात झाली. अशी यंत्रांची जाळी वाढली की चर्चा ‘कुठलं सुरक्षा सॉफ्टवेअर घ्यायचं’ यावरच अडते. पण मूळ अडचण वेगळी आहे. राखायच्या जागा पुष्कळ, माणसं मोजकी, आणि हल्लेखोर आपला पहारा बघून मगच चाल करतो. एकाने आधी चाल उघड करायची, दुसऱ्याने ती पाहून खेळायचं, अशा खेळाचं गणित श्टाकेलबर्ग या अर्थतज्ज्ञाने १९३४ मध्ये कंपन्यांच्या स्पर्धेसाठी मांडलं. संगणकशास्त्रज्ञ मिलिंद तांबे यांच्या गटाने ते २००७ मध्ये लॉस एंजेलिस विमानतळाच्या सुरक्षेसाठी वापरात आणलं.

समजा, किनाऱ्यावर लाटांची उंची मोजणारी यंत्रणा आहे. रत्नागिरीचा सर्व्हर बिघडवला तर नुकसान ६, जयगडचं रिले (आकडे पुढे पाठवणारं यंत्र) बिघडवलं तर ३, हर्णैचं मापनयंत्र बिघडवलं तर २. रात्री एकाच जागेची कसून तपासणी करता येते, आणि तपासणी असेल तिथे हल्ला फसतो. रोज सर्व्हरच तपासला तर हल्लेखोर रिलेवर जाईल: नुकसान ३. तिन्ही जागा समान वाटून घेतल्या तर तो सर्व्हर गाठेल. तीनपैकी दोन रात्री तो मोकळाच, म्हणजे सरासरी ४. किमतीच्या, म्हणजे नुकसानीच्या आकड्याच्या प्रमाणात, ६:३:२ अशी वाटणी सगळ्यांना रास्त वाटते. तिच्यातही सर्व्हरवर ६ × ५/११, म्हणजे सुमारे २.७३ नुकसान होतंच.

योग्य वाटणी अशी काढतात, की हल्लेखोराला कुठेही गेलं तरी सारखंच मिळावं. प्रत्येक जागेची किंमत गुणिले ती मोकळी असण्याची शक्यता, हे गुणाकार समान करायचे. इथे उत्तर येतं सर्व्हर २/३, रिले १/३, हर्णै शून्य. नुकसान सगळीकडे २. हर्णैला पहारा नाही, कारण तिथे मुळात दोनच मिळतात. हे प्रमाण हल्लेखोराला कळलं तरी चालतं. आजची चिठ्ठी तेवढी कळता कामा नये.

ही निवड मनाने करू नये. माणूस सलग तीन रात्री तीच जागा निवडायला कचरतो, आणि ते कचरणं हेरता येतं. रोज संध्याकाळी फासा टाका: १ ते ४ आला तर सर्व्हर, ५-६ आला तर रिले. तपासणीला मुहूर्त बघणं किंवा ती अमावास्या-पौर्णिमेला बांधणं तर त्याहून वाईट. किनाऱ्यावर तिथी पोराटोरांना पाठ असते.

आता यंत्रांकडे वळू. लाटा मोजणारं प्रत्येक केंद्र शेजारच्या केंद्रांचे आकडे घेऊन आपला अंदाज सुधारतं. एखादं केंद्र खोटं बोलत असेल तर उपाय असा: आपल्याहून मोठ्या आकड्यांतला सर्वांत मोठा एक आणि लहानांतला सर्वांत लहान एक टाकून द्यायचा, उरलेल्यांची आपल्यासह सरासरी घ्यायची. पण हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, देवगड अशी सरळ साखळी असली की मधल्या केंद्राला शेजारी दोनच. एकाचा आकडा आपल्याहून मोठा, दुसऱ्याचा लहान असेल तर दोन्ही आकडे कचऱ्यात जातात आणि केंद्र आपल्याच आकड्यावर अडून बसतं.

म्हणून आधी पाच केंद्रं एकमेकांशी थेट जोडावी लागतात: साखळीत चार जोडण्या, इथे दहा. त्यानंतरचं प्रत्येक नवं केंद्र आधीच्या किमान तिघांशी जोडायचं. मग कुठल्याही केंद्राच्या शेजाऱ्यांत एकच खोटारडा असला तरी प्रामाणिक केंद्रांचं एकमत होतं, तेही त्यांच्याच मूळ आकड्यांच्या टप्प्यात. मात्र दहाही जोडण्या एकाच सर्व्हरमधून जात असतील तर त्या दहा नव्हेत, एकच.

जोडण्या खरोखर वेगळ्या झाल्या की सर्व्हरची किंमत उतरते. ती ६ वरून ३ झाली असं धरा. नवी वाटणी ३/७, ३/७, १/७, आणि नुकसान २ वरून १२/७, म्हणजे सुमारे १.७१. फासा आता चालणार नाही. सात चिठ्ठ्या करा: तीन सर्व्हरच्या, तीन रिलेच्या, आणि एक हर्णैची.