गोव्याच्या साच्यातून खानदेशात: जी. आय. जो, ही-मॅन आणि आजचे महागडे बाहुले

जळगाव-भुसावळकडच्या चाळिशी गाठलेल्या माणसाला जी. आय. जो म्हटलं की पावणेचार इंची सैनिक आठवतो. पाठीत एक स्क्रू, कमरेत लपलेलं रबर आणि पहिल्या आठवड्यातच हरवलेली बंदूक. त्याच नावाचा बाहुला आज मागवला तर सहा इंची येतो. मनगटापासून घोट्यापर्यंत सांधे असतात, दोन-तीन जोड हात सुटे मिळतात, आणि डबा उघडायचा की तसाच ठेवायचा यावर घेणारा दोन दिवस विचार करतो. जुना बरा की नवा, हा वाद रंगतो तेव्हा बहुतेक बोलणं सांध्यांवर आणि रंगकामावर होतं. माझ्या मते खरा फरक गिऱ्हाइकाचा आहे. जुना बाहुला दहा वर्षांच्या मुलासाठी होता. नवा त्याच मुलासाठी आहे, पण तो आता पगार घेतो. हा बदल कसा झाला, ते पाहायला जरा मागे जावं लागतं.

1959 साली मॅटेल या अमेरिकन खेळणी कंपनीने बार्बी आणली आणि धंद्याची एक युक्ती सगळ्यांना दिसली: बाहुली एकदा विकायची, मग तिचे कपडे वर्षानुवर्षं विकत राहायचे. हॅस्ब्रो या तिच्या स्पर्धक कंपनीला हेच मुलग्यांसाठी करायचं होतं. कल्पना स्टॅन वेस्टन यांनी आणली, कंपनीत ती तडीस नेली डॉन लेव्हिन यांनी. पण मुलाच्या हाती बाहुली द्यायला अमेरिकेतला बापही तयार झाला नसता. म्हणून कंपनीने बाहुली हा शब्दच टाळला आणि 'ॲक्शन फिगर' हे नाव चालवलं. 1964 मध्ये जी. आय. जो बाजारात आला तो जवळजवळ बारा इंची, कापडी गणवेश घातलेला, 21 ठिकाणी हलणारा. माणसाच्या आकारावर हक्क सांगता येत नाही, म्हणून नक्कल ओळखू यावी यासाठी त्याच्या गालावर व्रण ठेवला. अंगठ्याचं नख चुकून उलट्या बाजूला आलं होतं, तेही मुद्दाम तसंच राहू दिलं.

पुढे व्हिएतनाम युद्धामुळे सैनिक खेळण्यांवरून लोकांचं मन उडालं आणि 1973 च्या तेलटंचाईने प्लास्टिक महागलं. बारा इंची जो दशक संपायच्या आतच बंद पडला. मापाचा प्रश्न सोडवला केनर कंपनीने. 1977 साली 'स्टार वॉर्स' चित्रपट तुफान चालला, पण खेळणी तयार नव्हती. त्या नाताळात केनरने चक्क पुठ्ठ्याचं पाकीट आणि आत एक कूपन विकलं. बाहुले 1978 मध्ये टपालाने घरपोच आले. ते पावणेचार इंची होते. बाहुला लहान, म्हणून प्लास्टिक कमी, आणि शिवाय त्याला बसवायला विमान किंवा गाडी परवडणाऱ्या किमतीत बनवता येऊ लागली. 1982 साली हॅस्ब्रोने जी. आय. जो पुन्हा आणला तो याच मापात. मॅटेलचा ही-मॅन त्याच वर्षीचा, साडेपाच इंची, पिळदार, कमरेत स्प्रिंग बसवलेला. कंबर पिळून सोडली की तो गुद्दा हाणायचा. पुढच्याच वर्षी त्याची कार्टून मालिका आली. आधी खेळणं आणि मग त्याची गोष्ट, हा उलटा क्रम तेव्हापासून रुळला.

भारतात हे सगळं उशिरा आणि वेगळ्या वाटेने आलं. तयार खेळणी आयात करणं त्या काळात सोपं नव्हतं. म्हणून आले ते साचे. पोलादी साचा बनवणं हा या धंद्यातला सगळ्यात मोठा खर्च असतो. अमेरिकेतल्या दुकानांतून एखादा सैनिक उतरला की त्याचा साचा दुसऱ्या देशात पाठवून त्यातून पुन्हा कमाई करता येते. ब्राझीलमध्ये हे काम एस्त्रेला कंपनीने केलं. आपल्याकडे टायर बनवणारी एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांनी मिळून 1987 मध्ये फनस्कूल काढली, कारखाना गोव्यात. ही-मॅन आला तो लिओ-मॅटेलच्या नावाने. त्यामागे व्हीआयपी बॅगावाली ब्लो प्लास्ट होती. एक टायरवाला आणि एक बॅगवाला, म्हणजे रबर आणि प्लास्टिक ओतायचा अनुभव दोघांकडेही होता. दूरदर्शनवर ही-मॅन दिसू लागल्यावर जाहिरातीची वेगळी गरज उरली नाही.

खानदेशात हा माल सगळ्यांच्या हाती सारखा पडला नाही. भुसावळच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये, भुसावळ आणि वरणगावच्या आयुध निर्माणींच्या वसाहतींत दर महिन्याला पगार यायचा. तिथल्या पोरांकडे दोन-चार जो असायचे. वरणगावात बापाच्या कारखान्यात खरी काडतुसं बनतात आणि पोरगा ओसरीवर अमेरिकन सैनिक लढवतोय, याचं तेव्हा कुणाला काही वाटत नसे. जळगाव-धुळ्यात बाजारपेठेतल्या मोठ्या दुकानात काचेमागे ते लटकलेले दिसायचे. रावेर-यावलकडे केळीचे किंवा चोपडा-अमळनेरकडे कापसाचे पैसे हाती आले तर दिवाळीला एखादा मिळायचा. बाकीच्यांसाठी सुट्टीत मुंबईहून येणारा आतेभाऊ होता. तो जाताना तुटक्या अंगठ्याचा एखादा सैनिक मागे ठेवून जायचा.

अंगठा तुटणं हा या बाहुल्यांचा ठरलेला आजार. हातात बंदूक बसावी म्हणून मूठ घट्ट ठेवलेली, आणि प्लास्टिक कडक. दुसरा आजार रबराचा. 1982 नंतरच्या जोचं धड आणि पाय एका काळ्या रबरी कडीने जोडलेले असतात. ती तुटली की सैनिकाचे सरळ दोन तुकडे. आता मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडणारा आमचा मुलूख, आणि खेळणी ठेवायची जागा म्हणजे पत्र्याखालचा माळा. रबर तिथे वाळून चिरतं. मऊ प्लास्टिकमधला तेलकट अंश बाहेर येऊन बाहुला चिकट होतो, पांढरे भाग पिवळे पडतात. कोकणात दमट हवेने स्क्रू गंजतात, इकडे कोरडी भट्टी. म्हणून माळ्यावरून पेटी उतरवल्यावर धडधाकट जो निघाला तर नशीब म्हणायचं. रबर मात्र बदलता येतं. पाठीतला स्क्रू काढायचा, कडी बसवायची, झालं. ठिबकच्या सामानासाठी आणि पाइपांसाठी ओळखल्या जाणाऱ्या जळगावात रबरी रिंगांना तोटा नाही. योग्य जाडीची शोधली की काम भागतं.

गोव्यातल्या साच्यांची गोष्ट पुढे गमतीदार झाली. फनस्कूलने तेच साचे वापरले, पण रंग पुष्कळदा स्वतःचे घातले. अमेरिकेत हिरवा असलेला सैनिक इथे पिवळा-निळा निघाला, एकाचं डोकं दुसऱ्याच्या धडावर बसलं. तेव्हा आम्हाला तो मूळ रंगच वाटायचा. इंटरनेट आल्यावर अमेरिकन संग्राहकांना हे रंग दिसले आणि 2000 च्या आसपास तिथले विक्रेते भारतातून सीलबंद माल मागवू लागले. इकडच्या दुकानात धूळ खात पडलेला पुठ्ठ्यावरचा बाहुला तिकडे दुर्मीळ ठरला. हे वेड किती पुढे जाऊ शकतं याचा अंदाज 2003 साली आला होता. 1964 च्या जोचा पहिला हाती बनवलेला नमुना तेव्हा लिलावात 2 लाख डॉलरला गेला.

संग्रहाचा बाजार मुद्दाम उभा केला गेला तो त्याआधीच. 1994 पासून कॉमिक्सचे चित्रकार टॉड मॅकफार्लेन यांच्या कंपनीने इतक्या बारीक कोरीवकामाचे बाहुले काढले की ते खेळायला द्यायला जीव होईना. ते कपाटातच शोभायचे. 2000 मध्ये हाँगकाँगला हॉट टॉइज सुरू झाली. नटाच्या चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा दाखवणारे तिचे बाहुले एकास सहा प्रमाणातले, म्हणजे साधारण बारा इंची आणि कापडी कपड्यांचे. सगळ्यात महागडा आधुनिक बाहुला फिरून 1964 च्याच मापावर आला. मॅटेलने 2008 मध्ये प्रौढांसाठी सात इंची ही-मॅन काढला, आणि 2020 मध्ये पुन्हा साडेपाच इंची, जुन्यासारखाच दिसणारा. जुन्याला मान, खांदे, कंबर आणि मांड्या मिळून सहा सांधे होते, नव्याला सोळा. हॅस्ब्रोची जी. आय. जोची सहा इंची 'क्लासिफाइड' मालिकाही 2020 चीच. 2024 च्या सुरुवातीला तर अमेरिकेत स्वतःसाठी खेळणी घेणाऱ्या प्रौढांनी विक्रीत तीन ते पाच वर्षांच्या मुलांना मागे टाकलं.

दोन्ही शेजारी ठेवले तर नवा देखणा आहे, यात वाद नाही. चेहरा संगणकावर कोरलेला, डोळे छापलेले, त्यामुळे तिरळेपणा नाही. गुडघा पूर्ण दुमडतो. जुन्या जोचे डोळे कधी कपाळावर, कधी गालावर. पण नवा बाहुला मातीत खेळायला नालायक आहे, हे मी स्पष्ट म्हणेन. सुटे भाग इतके की अंगणात नेला तर अर्धे गायब होतील, आणि काही सांधे इतके नाजूक की थंडीत हलवण्याआधी गरम पाण्यात धरून मऊ करावे लागतात. जुन्या ही-मॅनला गच्चीवरून फेका, फार तर पाय ढिला होईल. ते पायसुद्धा आत रबराने बांधलेले असायचे.

आपल्याकडे नव्याच्या किमतीला आणखी एक कारण आहे. फेब्रुवारी 2020 मध्ये खेळण्यांवरचं मूळ आयात शुल्क 20 टक्क्यांवरून 60 वर गेलं, 2023 मध्ये 70 झालं. 1 जानेवारी 2021 पासून आयएसआय चिन्हाशिवाय खेळणी विकायला बंदी आली. देशी कारखान्यांना त्याचा फायदा झाला, पण परदेशी मालिकांतले मोजकेच बाहुले अधिकृतपणे येतात, आणि तेही मोठ्या शहरांत किंवा ऑनलाइन. धुळे-नंदुरबारच्या संग्राहकाची खरेदी म्हणजे कुरिअरची वाट पाहणं. म्हणून इकडचे बरेच जण जुन्या फनस्कूलकडेच वळतात: सुटे, खेळलेले, एकाचा हात दुसऱ्याला लावून पूर्ण केलेले. मला हा संग्रह जास्त पटतो. पैसा कमी लागतो आणि हातही चालतो. फक्त सीलबंद म्हणून येणारा माल नीट तपासावा, कारण पुठ्ठा नव्याने छापून, बाहुल्यावरचा पारदर्शक प्लास्टिकचा फुगा पुन्हा चिकटवून विकणारेही आहेत.

या सगळ्या इतिहासात एक बाहुला कुठेच येत नाही, आणि खानदेशात सगळ्यात जास्त तोच होता. सारंगखेड्याच्या यात्रेत, अमळनेरला सखाराम महाराजांच्या यात्रेत, धुळ्याच्या एकवीरेच्या यात्रेत पाटीवर मिळणारा पोकळ प्लास्टिकचा पहिलवान. ही-मॅनचं अंग, भलत्याच कुणाचं डोकं, वरून चंदेरी रंग. 1997 नंतर त्यालाच लाल रंग फासून शक्तिमान म्हणून विकलं गेलं. त्याच्यावर कंपनीचं नाव नसायचं, सालही नसायचं. तो फुटला की भंगारवाला कांदे-लसणाच्या बदल्यात घेऊन जायचा आणि वितळून त्याची बादली किंवा चटई व्हायची. त्यामुळे आज फनस्कूलचा एखादा जो ऑनलाइन शोधून सापडतो, यात्रेतला तो पहिलवान मात्र पैसे मोजूनही मिळत नाही. तो कुणी जपून ठेवलेलाच नाही.