माणकाच्या पोटातली वक्र रेघ

कृत्रिम रत्न म्हणजे खोटं रत्न, असा आपला सरसकट समज असतो. माणकाच्या रंगाची काच खोटी, हे खरंच. पण कारखान्यात वाढवलेलं माणिक हे माणिकच असतं: तेच ॲल्युमिनियम ऑक्साइड, लाली देणारं तेच क्रोमियम, मोह्सच्या 1 ते 10 मोजपट्टीवर काठिण्य 9, घनता पाण्याच्या चौपटीच्या आसपास. त्यामुळे घनता किंवा अपवर्तनांक, म्हणजे खड्यात शिरताना प्रकाश किती वळतो ते, मोजला तर काच पकडली जाते, कृत्रिम माणिक मात्र सहीसलामत सुटतं. फरक पडतो तो खडा कसा वाढला यात, आणि वाढीच्या खुणा त्याच्या पोटातच राहून जातात.

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ऑग्युस्त व्हर्न्युई यांनी 1902 मध्ये जाहीर केलेल्या पद्धतीत ॲल्युमिनाची, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडची, बारीक पूड ऑक्सिजन-हायड्रोजनच्या ज्योतीतून खाली सोडतात. 2000 अंश सेल्सिअसहून अधिक तापमानात ती वितळते आणि खालच्या दांडीवर साचत जाते. साचणाऱ्या कांडीचा माथा घुमटासारखा असतो, म्हणून प्रत्येक थर गोलाईतच गोठतो. पुढे कितीही सुंदर पैलू पाडले तरी हे थर जात नाहीत. दहापट भिंगाखाली, मागून मंद पसरट उजेड देऊन, खडा अगदी सावकाश फिरवायचा. बराच वेळ काहीच दिसत नाही. मग एका विशिष्ट कोनात ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तशा बारीक वक्र रेघा उमटतात. कधी सोबत वायूचे बुडबुडेही असतात. इथे नवखा माणूस हमखास फसतो, कारण पॉलिशचेही ओरखडे असतात. पण ते पृष्ठभागावरचे, पैलूच्या कडेशी थांबणारे. वाढीची रेघ खड्याच्या आतून, कडांची पर्वा न करता जाते.

निसर्गातला स्फटिक सपाट पृष्ठांवर थर चढवत वाढतो. त्याच्या रेघा सरळ असतात आणि कोनात वळतात. आत रूटाइल या खनिजाच्या रेशमासारख्या सुया दिसल्या तर माणिक बहुधा खाणीतलं. त्या नसल्या म्हणून ते कृत्रिम ठरत नाही, कारण रंग खुलवण्यासाठी खडा खूप तापवला की सुया विरघळतात. स्वच्छ, निर्दोष खडा बघून आपण भुलतो. पारखी मात्र तिथेच सावध होतो.

वितळलेल्या क्षारांत, म्हणजे फ्लक्समध्ये वाढवलेली माणकं आणि पाचू जास्त अवघड. त्यांत वक्र रेघा नसतात. फ्लक्सचे विरविरीत पडदे किंवा मुशीतून आलेले प्लॅटिनमचे चकाकते कण शोधावे लागतात.

हिऱ्यापुढे तर भिंग बहुतेक वेळा हतबल होतं. उष्णतावहन तपासणारं खिशातलं यंत्र खाणीतल्या आणि कारखान्यात वाढवलेल्या, दोन्ही हिऱ्यांना ‘हिरा’च म्हणतं, आणि ते बरोबरच आहे. इथे साक्ष देतो नायट्रोजन. बहुसंख्य नैसर्गिक हिऱ्यांत त्याचे अणू जोड्यांनी किंवा गटांनी असतात. पृथ्वीच्या पोटात, प्रचंड उष्णतेत, सुटे अणू सरकत सरकत एकत्र यायला कोट्यवधी वर्षं लागतात. काही आठवड्यांत वाढलेल्या हिऱ्याला तेवढी सवड कुठली? अवरक्त वर्णपटात हे गट ओळखू येतात. नायट्रोजन जवळजवळ नसलेले नैसर्गिक हिरेही असतात, साधारण शंभरात दोन. म्हणून असा हिरा आढळला की तो लगेच कृत्रिम ठरवत नाहीत. तीव्र अतिनील प्रकाशात धरून त्याच्या वाढीची नक्षी पाहतात, आणि मगच निवाडा देतात.