अर्ज गेला, आता मेजर बदलायचाय: अमेरिकी विद्यापीठांत काय जमतं आणि काय नाही

रविवारी रात्री भाचीने अर्ज पाठवला आणि मंगळवारी दुपारी तिचा फोन आला, "मामा, मेजर चुकला." मेजर म्हणजे पदवीचा मुख्य विषय. फॉर्मवर अर्थशास्त्र गेलं होतं, मनात कॉम्प्युटर सायन्स होतं. हात चुकला नव्हता. कुणीतरी सांगितलं होतं की सीएसला गर्दी फार, अर्थशास्त्रातून आत शिर आणि मग बदल. दोन दिवसांत तिचीच झोप उडाली. कॉमन ॲप (एकाच फॉर्मवरून अनेक कॉलेजांना अर्ज करायची वेबसाइट) उघडलं तर पाठवलेल्या अर्जाची नुसती पीडीएफ दिसत होती. पुढचा आठवडाभर आम्ही जे वाचलं आणि विचारलं ते हे.

आधी हे बघा की तुमच्या यादीतल्या कॉलेजात मेजरला खरंच इतकं महत्त्व आहे का. एमआयटीत प्रवेश संस्थेत मिळतो, मेजर पहिल्या वर्षाच्या शेवटी ठरवायचा असतो. स्टॅनफर्डमध्ये दुसऱ्या वर्षाअखेरपर्यंत मुदत असते. अशा ठिकाणी अर्जात लिहिलेला विषय म्हणजे तुमचा कल, करार नव्हे. तिथे ईमेल लिहून दोघांचा वेळ घालवू नका.

जिथे मेजरनुसार प्रवेश होतो तिथली गोष्ट वेगळी. सिॲटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये सीएसच्या बहुतेक जागा बारावीनंतरच्या थेट प्रवेशातच भरतात, आणि ज्यांना तो मिळाला नाही त्यांनी दुसरा विषय धरून चालावं असंच विभाग सांगतो. बर्कलेने २०२३ पासून सीएसला 'हाय डिमांड' मेजर ठरवलंय. दुसऱ्या विषयातून आलेल्याला आत गेल्यावर पुन्हा अर्ज करून छाननीतून जावं लागतं. मेरिलंडमध्ये सीएस हा 'लिमिटेड एन्रोलमेंट प्रोग्रॅम', म्हणजे मोजक्या जागांचा विषय आहे. पर्ड्यूमध्ये अंतर्गत बदलाला सगळे 'कोडो' म्हणतात, आणि सीएसचा कोडो जागा उरल्या तरच. ओसरीवर जागा मिळवून मग हातपाय पसरायचा बेत या मंडळींनी फार आधीच ओळखलाय. इंजिनिअरिंग, नर्सिंग, बिझनेस या विषयांतही बऱ्याच ठिकाणी हेच चित्र.

निकालाआधी बदल मागायचा असेल तर

कॉमन ॲपमध्ये एखाद्या कॉलेजला अर्ज गेला की त्या कॉलेजपुरता तो गोठतो. आत काही दुरुस्त केलंत तर ते फक्त अजून न पाठवलेल्या कॉलेजांना जाईल. त्यामुळे बदलाची विनंती कॉमन ॲपकडे करून उपयोग नाही. ती थेट त्या कॉलेजच्या ॲडमिशन ऑफिसकडे करायची. काही विद्यापीठांच्या ॲप्लिकंट पोर्टलवर यासाठी वेगळा फॉर्म असतो, तो आधी शोधा. नसेल तरच ईमेल.

युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा अर्ज स्वतंत्र: नऊ कॅम्पसना एकच फॉर्म. पाठवल्यानंतर फोन, ईमेल, पत्ता बदलता येतो, मुदत असेल तर आणखी कॅम्पस जोडता येतो. मेजर मात्र फॉर्ममध्ये बदलता येत नाही. तिथे पर्यायी मेजर निवडायची सोय असते, पण प्रत्येक कॅम्पस तो विचारात घेतोच असं नाही. म्हणून पाठवण्याआधी ती चौकट रिकामी सोडू नये आणि तिच्यावर विसंबूही नये.

विनंतीचा विचार व्हायचा तर साधारण तीन गोष्टी जुळाव्या लागतात. त्या मेजरची अर्जाची मुदत संपलेली नसावी (ती इतर विषयांपेक्षा आधी संपू शकते, हे पटकन लक्षात येत नाही). निकाल लागलेला नसावा. आणि नव्या मेजरला लागणारे विषय तुमच्या गुणपत्रिकेवर असावेत. सीएस आणि इंजिनिअरिंगसाठी गणित, बहुतेक ठिकाणी कॅल्क्युलसपर्यंतचं. नवा विषय विद्यापीठातल्या दुसऱ्याच कॉलेजात येत असेल, जसं कॉर्नेलमध्ये, तर ती नुसती मेजरची अदलाबदल राहत नाही. तिथे अर्ज ठरावीक कॉलेजकडेच गेलेला असतो, वाचणारे लोकही वेगळे असतात.

खरी अडचण निबंधाची. ड्रॉपडाउनमधला शब्द ऑफिस एका मिनिटात बदलेल, पण "हा विषय का?" या प्रश्नाला तुम्ही दिलेलं उत्तर फाइलमध्ये तसंच राहतं. भाचीने महागाई आणि भाजीबाजार यावर मन लावून लिहिलं होतं. सीएसच्या रांगेत बसून तो निबंध वाचणाऱ्याने काय समजायचं? म्हणून ईमेलमध्येच विचारायचं की नवा निबंध पाठवू का, आणि तो लिहून तयार ठेवायचा.

ईमेल अर्जात दिलेल्या पत्त्यावरूनच पाठवा. पूर्ण नाव पासपोर्टवर आहे तसं, जन्मतारीख, विद्यापीठाने दिलेला ॲप्लिकंट क्रमांक, सत्र, आधीचा मेजर, हवा असलेला मेजर त्यांच्या यादीत छापलाय त्याच नावाने, आणि कारण दोन ओळींत. सोबत आतापर्यंतची गुणपत्रिका आणि नव्या विषयाशी जोडलेलं काही असेल तर तेवढंच. आर्किटेक्चर किंवा कलाविषयांकडे वळत असाल तर पोर्टफोलिओ लागतो, आणि त्याची मुदत वेगळी असते. ईमेल विद्यार्थ्यानेच लिहावा. आई-बाबांनी लिहिलेला ओळखू येतो आणि तो बरा दिसत नाही. उत्तर येईपर्यंत पोर्टल बघत राहा. "बदल केला" असं लेखी आल्याशिवाय बदल झाला असं धरू नका.

निकाल लागल्यानंतर

जागा मिळाल्यावर गर्दीच्या मेजरकडे वळायची विनंती बहुतेक ठिकाणी नाकारली जाते, कारण त्या जागा त्याच निकालात वाटून झालेल्या असतात. अनेक कॉलेजांत होकार कळवायची तारीख १ मे असते. त्याआधी एकच प्रश्न लेखी विचारा: दाखल झाल्यावर या मेजरमध्ये जायचा नियम काय? उत्तरात कोणते कोर्स, किती जीपीए (सरासरी गुणांक), किती वेळा अर्ज करता येतो आणि जागेची हमी आहे का, हे चारही हवं. शेवटच्याला "नाही" असेल तर आधी मिळालेल्या विषयात चार वर्षं काढायची तयारी आहे का ते ठरवा.

व्हिसाची बाजू

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जाणाऱ्यांनी आय-२०, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो कागद, नीट वाचावा. मेजरच्या नावाशेजारी एक सिप कोड, म्हणजे विषयाचा सरकारी क्रमांक, छापलेला असतो. सीएसचा ११.०७०१. साध्या अर्थशास्त्राचा ४५.०६०१, आणि इकोनोमेट्रिक्स व संख्यात्मक अर्थशास्त्राचा ४५.०६०३. यातले पहिला आणि शेवटचा स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) यादीत आहेत, मधला नाही. शिक्षणानंतर कामाची १२ महिन्यांची परवानगी, म्हणजे ओपीटी, सगळ्यांना मागता येते, पण वरचे २४ महिने स्टेम पदवीलाच. मेजर बदलला की डीएसओकडून (विद्यापीठातला परदेशी विद्यार्थ्यांचा अधिकारी) सेविस या सरकारी नोंदप्रणालीत नोंद करून नवा आय-२० घ्यावा लागतो. व्हिसा मुलाखतीआधी बदल झाला असेल तर हातातला जुना कागद घेऊन खिडकीवर जाऊ नका.

भाचीचं काय झालं? सहाव्या दिवशी दोन ओळींचं उत्तर आलं: मेजर बदलला आहे, नवा निबंध शुक्रवारपर्यंत पोर्टलवर चढवा. भाजीबाजार तिने त्यातही सोडला नाही, फक्त या वेळी भावांची नोंद ठेवणारा तिचा प्रोग्रॅम पहिल्या परिच्छेदात आला.