दंड, चरबी आणि धरलेलं अंग : तालमीपासून जिमपर्यंत

पुण्यातल्या कुठल्याही जिमच्या काउंटरवर नवा माणूस साधारण तीन गोष्टी मागतो. पोट उतरव, दंड भरू देत, आणि दुसऱ्या दिवशी अंग धरणार नाही एवढं बघ. आज तिन्ही मागण्या एकाच फीमध्ये बसतात. पण दंडाची हौस पेशवाईइतकी जुनी, तर चरबीची धास्ती फार अलीकडची.

शुक्रवार पेठेतल्या चिंचेच्या तालमीची स्थापना 1783 ची सांगतात. पेठापेठांतून अशा तालमी होत्या. मानाच्या तिसऱ्या गणपतीच्या नावातच ‘गुरुजी तालीम’ आहे. तालीम गेली, गणपती राहिला. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नव्याने उभं केलं, आणि पकड नि दंड यांची कसोटी घेणारा त्यासारखा प्रकार आजही सापडणार नाही. तालमीतली मेहनत म्हणजे जोर, बैठका, आणि मुद्गल-करेल ही जड लाकडं फिरवणं. शिवाय कुस्तीआधी हौद्यातली माती फावड्याने उकरायची. तेल, ताक, हळद मुरलेली ती लाल माती जड असते. चार पोरांनी पाळीपाळीने हौदा वर-खाली केला की खांदे आणि मनगटं बोलायला लागतात. हा व्यायाम कुठल्या तक्त्यात लिहिलेला नसायचा.

व्यायामाला पांढरपेशा पुण्यात प्रतिष्ठा मिळाली ती नंतर. टिळकांनी डेक्कन कॉलेजातलं पहिलं वर्ष पुस्तकं बाजूला ठेवून शरीर कमावण्यात घालवलं, हा किस्सा इथल्या घराघरांत मुलांना ऐकवला जातो (परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मात्र कुणी ऐकवत नाही). पुढे 1924 मध्ये शिवरामपंत दामल्यांनी महाराष्ट्रीय मंडळ काढलं आणि व्यायाम वस्तादाच्या हाताखालून शाळेच्या मैदानावर आला.

या सगळ्यात चरबी कुठेच नव्हती. दूध, तूप, बदामाची थंडाई हा खुराक चरबी जाळणाऱ्याचा नव्हे. पैलवानाला वजन हवंच असे आणि वस्तादाचं सुटलेलं पोट कुणाच्या डोळ्यांवर येत नसे. तालीम ताकदीसाठी होती.

जिममधले ‘दहाचे तीन सेट’ मात्र तालमीतून आलेले नाहीत. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांचे गुडघे सावरताना थॉमस डिलॉर्म या अमेरिकी डॉक्टराने वजन हळूहळू वाढवत नेण्याची पद्धत बसवली आणि 1945 मध्ये ती मांडली. शेकड्यांनी जोर मारले की दम वाढतो. दंड भरायचा तर भार वाढवत न्यावा लागतो, हा त्यातला मुद्दा. जोर वाईट असं त्यातून निघत नाही. पाठीवर कुणाला बसवून जोर मारणारे पैलवान तेच करत होते.

चरबीचा प्रश्न पुण्यालाच चिकटला तो वेगळ्या वाटेने. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा जोडफोटो 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची 9.1 टक्के, तर याज्ञिकांची 21.2. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बाळांचा याज्ञिकांच्या गटाने जो अभ्यास केला, त्यातही हेच दिसलं : वजनाने लहान, अंगावर मांस कमी, चरबी मात्र राखलेली. म्हणजे काटा ‘ठीक आहे’ म्हणतो म्हणून आपल्याकडे निर्धास्त राहता येत नाही. मला तर वजन घटवण्यापेक्षा स्नायू राखणं हा पुणेकराचा खरा विषय वाटतो.

आणि दंडाची चरबी दंडाच्या व्यायामाने जाईल, ही आशा सोडलेली बरी. 1971 मध्ये टेनिसपटूंचे दोन्ही हात मोजले गेले. खेळणारा हात जाड निघाला, पण त्वचेखालच्या चरबीची घडी दोन्ही हातांवर सारखीच होती. चरबी उतरते ती खाण्या-खर्चाच्या हिशेबातून, आणि कुठून आधी उतरायचं ते शरीर आपल्याला विचारत नाही.

राहिलं अंग धरणं. तालमीत याचा बाऊ नव्हता. पठ्ठ्याचं अंग धरलं की तेल लावून रगडायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हौद्यात. मग शास्त्र आलं, आणि काही काळ तेच चुकलं. हिल आणि मायरहोफ यांना स्नायूंवरच्या कामासाठी 1922 चं नोबेल मिळालं, मेहनतीत स्नायूंत तयार होणाऱ्या लॅक्टिक अ‍ॅसिडचं नाव सर्वतोमुखी झालं आणि दुखण्याचा आळ त्याच्यावर आला. खरं तर थिओडोर हफ यांनी 1902 मध्येच सांगितलं होतं की हे उशिराचं दुखणं स्नायूतल्या बारीक इजेचं असावं. 1983 च्या एका प्रयोगात सपाटीवर धावणाऱ्यांचं लॅक्टिक अ‍ॅसिड वाढलं, पण ते दुखले नाहीत. उतारावर धावणाऱ्यांचं वाढलं नाही आणि मांड्या त्यांच्याच दुखल्या.

सिंहगडावर जाणाऱ्याला हे प्रयोगाशिवाय कळतं. चढताना धाप लागते, पण मंगळवारी जिना उतरताना मांड्या ओरडतात त्या रविवारच्या उतरणीमुळे. भार सांभाळत लांबणारा स्नायू जास्त दुखावतो. जोर मारताना छाती खाली नेतानाचं आणि डंबेल सावकाश खाली आणतानाचं काम याच जातीचं. दुखणं साधारण 24 ते 72 तासांत शिगेला पोचतं आणि ओसरतं. तोच व्यायाम काही दिवसांनी पुन्हा केला तर पहिल्याइतकं दुखत नाही, म्हणून सुरुवात थोडक्यात करून वाढवत न्यायची. मालिशने थोडं हायसं वाटतं, हलकं चालणं-फिरणंही बरं. स्ट्रेचिंगचा उपयोग मात्र लोक समजतात त्यापेक्षा फार कमी. पैजेने पहिल्याच दिवशी शेकड्याने बैठका मारून लघवी चहाच्या रंगाची झाली, तर तेल लावत बसू नये; स्नायू तुटून मूत्रपिंडावर ताण आलेला असू शकतो, तेव्हा त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.