पाऊल रुंद, बूट अरुंद

दुकानात नवा बूट पायात चढवला की विक्रेता पहिलं वाक्य म्हणतो, ‘चालून बघा.’ आपण आरशापर्यंत चार पावलं जातो, परत येतो, पुढे अंगठ्याने दाबून बघतो आणि पाकीट काढतो. रोजच्या बुटांना ही परीक्षा पुरते. सायकलिंगच्या बुटांबद्दल मात्र तिच्यातून जवळजवळ काहीच कळत नाही, कारण पेडलवरचं पाऊल चालत नसतं.

पुण्यात पहाटे साडेपाचला बाहेर पडलात तर खडकवासल्याच्या, मुळशीच्या, बोपदेव घाटाच्या वाटेवर सायकलींचे लाल दिवे रांगेने लुकलुकताना दिसतील. दीड-दोन तासांनी हीच मंडळी चहाच्या टपरीवर भेटतात. गप्पा असतात गिअरच्या, टायरच्या, कुणाला किती वॅट निघाले त्याच्या. आणि कोपऱ्यात एखादा बूट काढून बोटं चोळत बसलेला असतो. ‘मुंग्या येतायत रे. नवीन आहेत ना, होतील सैल.’ बहुतेक वेळा होत नाहीत. चामड्याची चप्पल वापरून पायाला सरावते. सायकलिंगच्या बुटाचा वरचा भाग सहसा कृत्रिम कापडाचा असतो आणि सोल मुद्दाम न वाकणारा केलेला असतो. पहिल्या दिवशी चावणारा असा बूट वर्षभराने थोडा कमी चावेल, एवढीच आशा.

चालताना आधी टाच टेकते. मग वजन तळपायाच्या बाहेरच्या कडेने पुढे सरकत चवड्यावर येतं, बोटं वाकतात, अंगठा जमीन मागे ढकलतो आणि पाऊल उचललं जातं. उचललं की ते पूर्ण मोकळं. दाबाची जागा सतत बदलते आणि रक्ताला, नसांना दर पावलाला सुटका मिळते. पेडलवर यातलं काही घडत नाही. टाच कशालाच टेकत नाही, बोटं वाकत नाहीत, सगळा जोर चवड्याच्या एका आडव्या पट्ट्यावर पडतो. क्लीट, म्हणजे सोलखाली स्क्रूने बसवलेली आणि पेडलमध्ये अडकणारी पट्टी, लावलेली असेल तर तो पट्टा पुढेमागे सरकतही नाही. मिनिटाला ८५ फेरे धरले तर तासाला ५,१०० वेळा त्याच जागी.

आता हा जोर किती ते पाहू. सपाट रस्त्यावर बऱ्यापैकी दमाने सायकल चालवणारा १५० वॅट शक्ती लावतोय असं समजा. क्रँक, म्हणजे पेडल जिला जोडलेलं असतं ती दांडी, १७० मिलिमीटरची, फेरे मिनिटाला ८५. शक्तीला फिरण्याच्या वेगाने भागलं की सुमारे १७ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे पिळणारा जोर, येतो. त्याला क्रँकच्या लांबीने भागलं की पेडल फिरवणारं सरासरी बल निघतं साधारण १०० न्यूटन, म्हणजे दहा किलो वजनाएवढं. पेडल खाली जाताना मधल्या टप्प्यात ते याच्या दुप्पट-तिप्पट होतं, पण तरी चालताना प्रत्येक पावलावर जो अख्ख्या शरीराचा भार येतो त्यापेक्षा ते बरंच कमी. सिंहगडाच्या चढाला फेरे साठावर येतात आणि २०० वॅट लागतात. तिथे हीच सरासरी १९ किलोच्या आसपास पोचते. बोटं बधीर होण्याची तक्रार घाटात जास्त ऐकू येते ती यामुळे.

म्हणजे जोर चालण्यापेक्षा कमी आणि त्रास मात्र जास्त. मंडईतून तीन-चार किलो भाजीची पिशवी घेऊन घरी येताना बोटांचं काय होतं ते आठवा. वजन काही फार नसतं. पण पातळ बंद बोटांच्या एकाच रेघेवर रुततो, आपण हात बदलत नाही, आणि दहा मिनिटांत बोटं पांढरी पडतात. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, हे शाळेत शिकलेलं सूत्र इथे लागू पडतं. त्यात वेळ मिळवली की सायकलस्वाराच्या पायाचं दुखणं तयार.

पावलात २६ हाडं असतात. त्यातली पाच लांब हाडं, मेटाटार्सल, चवड्यात पसरून बोटांच्या मुळाशी गोल डोक्यांनी संपतात. शेजारशेजारच्या दोन डोक्यांमधल्या फटीतून बोटांकडे जाणारी नस आणि तिच्यासोबत बारीक रक्तवाहिन्या जातात. पेडल खालून दाबतं ते या डोक्यांना. बूट बाजूने आवळणारा असेल तर डोकी एकमेकांजवळ सरकतात आणि मधली नस चिमटीत सापडते. आधी मुंग्या येतात, मग जळजळ होते, मग बोटं आहेत की नाहीत तेच कळेनासं होतं. तिसऱ्या आणि चौथ्या बोटांमधली नस यात सर्वात जास्त भरडली जाते. महिनोन्‌महिने असा दाब राहिला तर तिच्याभोवती तंतुमय ऊतक साठून ती जाड होते. याला मॉर्टन्स न्यूरोमा म्हणतात. थॉमस मॉर्टन या अमेरिकी शल्यविशारदाने १८७६ साली या दुखण्याचं वर्णन केलं होतं. बुटात खडा गेलाय असं वाटून माणूस पुन्हा पुन्हा बूट काढून झटकतो आणि खडा काही सापडत नाही, ही त्याची ठरलेली खूण.

तर मुद्दा रुंदीचा आहे. आणि नेमकी तीच खोक्यावर लिहिलेली नसते.

बूट ज्या साच्यावर बेतला जातो त्याला लास्ट म्हणतात. रेसिंगच्या बुटांचे बरेचसे लास्ट युरोपातल्या अरुंद पावलांच्या हिशेबाने घडले. आपली पावलं तशी नाहीत. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने, म्हणजे सीएसआयआर-सीएलआरआयने, डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरात ७९ ठिकाणी एक लाखाहून अधिक लोकांची पावलं मोजली. त्यातून भारतीयांच्या पावलांसाठी ‘भा’ नावाची वेगळी मापपद्धती सुचवण्यात आली. भारतीय पावलं युरोपीय आणि अमेरिकी पावलांपेक्षा सर्वसाधारणपणे रुंद आहेत, असं या पाहणीत दिसलं. त्याआधी २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दक्षिण भारतात अनवाणी वावरणाऱ्या लोकांची पावलं तपासली होती. बूट घालणाऱ्यांपेक्षा त्यांची पावलं रुंद होती आणि दाब तळपायावर अधिक समान पसरत होता. ज्यांचं बालपण स्लिपर आणि कोल्हापुरीत गेलं, त्यांनी चाळिशीत पहिला सायकलिंगचा बूट घालताना हे लक्षात ठेवलेलं बरं.

रुंद पावलाचा माणूस साधारण एकच उपाय करतो: एक नंबर मोठा घेतो. बाजूने थोडी जागा मिळतेही. पण बूट लांब झाला की त्याचा सर्वात रुंद भाग पुढे सरकतो आणि तुमच्या पावलाचा सर्वात रुंद भाग त्याच्या मागे, निमुळत्या जागेत राहतो. टाच सैल पडते, पेडल वर येताना उचलली जाते आणि घोट्यामागे फोड येतो. शिवाय क्लीटची भोकं पुढे गेल्याने ती हवी तेवढी मागे आणता येत नाही. एवढं करून बोटं बधीर व्हायची ती होतातच. त्यापेक्षा त्याच नंबरात रुंद बूट शोधावा. शिमानोच्या काही बुटांत रुंद आवृत्ती मिळते. लेक ही कंपनी तर रुंद बुटांसाठीच ओळखली जाते. दुकानात नसेल तर मागवून घ्यावी लागते, पण वाट बघण्यासारखी आहे.

नंबरांचंही एक गणित आहे. आपल्याकडे सर्रास चालणारे ब्रिटिश नंबर इंचाच्या तिसऱ्या भागाने, म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटरने वाढतात. युरोपीय नंबर सेंटिमीटरच्या दोन तृतीयांशाने, म्हणजे ६.७ मिलिमीटरने. दोन्हींचं कोष्टक काटेकोर जुळत नाही आणि प्रत्येक कंपनी आपापल्या परीने गोल करते. ‘माझा आठ नंबर’ या ज्ञानावर ऑनलाइन बूट मागवणं म्हणजे जुगार आहे. पाऊल मिलिमीटरमध्ये मोजा आणि कंपनीच्या स्वतःच्या तक्त्यात बघा.

मोजायचं घरीच, संध्याकाळी. दिवसभर उभं राहून, चालून पावलात द्रव उतरलेला असतो आणि ती सकाळपेक्षा थोडी मोठी झालेली असतात. फरशीवर कागद ठेवा, टाच भिंतीला टेकवा, दोन्ही पायांवर सारखं वजन देऊन ताठ उभे राहा आणि दुसऱ्या कुणाला तरी पेन्सिल सरळ उभी धरून रेघ मारायला सांगा. स्वतः वाकून मारलीत तर वजन सरकतं आणि माप बिघडतं. बसूनही मोजू नका. वजन पडलं की पायाची कमान थोडी दबते, त्याने पाऊल लांब आणि रुंद होतं. दोन्ही पायांची मापं घ्या. बहुतेकांची थोडी वेगळी निघतात. बूट मोठ्या पावलाला घ्यायचा.

दुकानात गेलात की बूट घालण्याआधी त्यातला इनसोल बाहेर काढा, जमिनीवर ठेवा आणि त्यावर उभे राहा. सायकल चालवताना घालता तेच मोजे घालून. आता करंगळीच्या बाजूला बघा. मांस इनसोलच्या कडेबाहेर ओघळत असेल तर तो बूट ठेवून द्या, रंग कितीही आवडला असला तरी. अंगठ्यापुढे अर्धा ते एक सेंटिमीटर मोकळा दिसला की लांबी झाली. धावण्याच्या बुटाएवढी मोकळीक इथे लागत नाही, कारण पाऊल वाकून पुढे घसरत नाही. मग बूट घाला, बंद आवळा आणि बसा. बसून चवडा कशावर तरी जोरात दाबा, टाच उचलून बघा, आणि दहा-पंधरा मिनिटं तसेच राहा. दुकानात ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर, सायकल चढवलेली असेल तर सरळ तिच्यावर चढा. विक्रेता कंटाळेल. कंटाळू दे.

आता कडकपणाचं. कार्बनचा सोल म्हणजे उत्तम आणि नायलॉनचा म्हणजे नवशिक्याचा, अशी एक समजूत आहे, आणि किमतीतला फरक बघता ती कंपन्यांना परवडणारी आहे. सोल वाकला की ताकद वाया जाते, हा युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटतो. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात २०१६ साली हे तपासलं गेलं. साधे धावण्याचे बूट आणि सपाट पेडल एकीकडे, क्लीटवाले सायकलिंगचे बूट दुसरीकडे. मध्यम जोराने चालवताना शरीराच्या ऊर्जावापरात फरक आढळला नाही. म्हणजे कर्वेनगरहून हिंजवडीला सायकलने नोकरीला जाणाऱ्याने जाड सोलचे स्पोर्ट्स शूज वापरले तर त्याचं काही बिघडत नाही. उभं राहून जीव खाऊन मारलेल्या स्प्रिंटमध्ये मात्र क्लीटवाल्या बुटांचा फायदा दिसतो, आणि तिथेही सोल किती कडक याने फरक पडलेला दिसला नाही. उलट २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कार्बन सोलच्या बुटात चवड्याखालचा सर्वोच्च दाब प्लॅस्टिक सोलपेक्षा १८ टक्के जास्त भरला. न वाकणारा सोल पायाच्या आकाराशी जुळवून घेत नाही, मग हाडांच्या डोक्यांखाली दाब गोळा होतो. घाटाच्या शर्यतीत उतरणार नसाल तर तो खर्च रुंद बुटावर आणि पायाच्या कमानीला नीट आधार देणाऱ्या इनसोलवर करावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

क्लीट हा वेगळ्या लेखाचा विषय, पण चवड्यापुरतं इतकं. चवडा जळत असेल तर क्लीट थोडी मागे, टाचेकडे सरकवून बघा, एका वेळी दोन-तीन मिलिमीटर. हाडांच्या डोक्यांखालचा दाब कमी होतो; घोट्यापासूनचं अंतर घटल्याने पोटरीवरचा ताणही हलका होतो. गुडघ्यासाठी पायाला थोडं वळू देणारी क्लीट बरी: शिमानोच्या रोड क्लीटमध्ये पिवळी ६ अंश वळू देते, निळी २, लाल अजिबात नाही. आणि वाटेत थांबून खायची सवय असेल तर दोन स्क्रूंची, सोलच्या खाचेत लपणारी क्लीट घ्या. तीन स्क्रूंची बाहेर आलेली क्लीट घालून सिंहगडाच्या दगडी पायऱ्यांवरून पिठलं-भाकरीकडे जाणारा माणूस बघणाऱ्यांची करमणूक करतो, पण घसरतोही.

पुण्याच्या हवेचा हिशेब वेगळा करावा लागतो. एप्रिलमध्ये दहा वाजताच डांबर तापलेलं असतं. उष्णतेने त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, पाय तासन्‌तास खाली लोंबकळत असतात, केशवाहिन्यांतून द्रव झिरपून ऊतकांत साठतो आणि पाऊल फुगतं. बीआरएम म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी; २०० किलोमीटरच्या बीआरएमला साडेतेरा तासांची मुदत असते. सकाळी बरोबर बसलेला बूट दुपारी आवळतो. म्हणून पुढच्या भागाचा बंद वेगळा सैल करता येईल असा बूट निवडावा आणि चढ सुरू होण्याआधीच तो सैल करावा. बधिरपणा आल्यावर सैल केला तर नस जागेवर यायला वेळ लागतो. जाड मोजे घालून आराम मिळेल हा भ्रम आहे. तितकी जागा बुटात नसतेच. पावसाळ्यात तर क्लीट बसणाऱ्या सायकलिंग सँडलसारखं सुख नाही. पानशेतच्या रस्त्यावर चिखल उडो की पाणी, पाय पाच मिनिटांत कोरडे होतात आणि बोटांना कुणी आवळतही नाही. दिसायला त्या विनोदी असतात, हे मान्य.

मधुमेह असलेल्यांनी ‘दुखत नाही, म्हणजे बूट बरोबर’ हा निकष लावू नये. मधुमेहाने नसा मंदावल्या असतील तर दुखण्याचा निरोपच मेंदूपर्यंत नीट पोचत नाही, आणि फोड आलेला संध्याकाळी मोजा काढल्यावर कळतो. त्यांनी घरी आल्यावर तळपाय आणि बोटांच्या बेचक्या उजेडात तपासाव्यात. बूट बदलून, बंद सैल करूनही बधिरपणा सायकलवरून उतरल्यावर तासन्‌तास टिकत असेल, तर मधुमेह असो वा नसो, डॉक्टरांना दाखवावं.

बूट घरी आणल्यावर लगेच क्लीट बसवायची घाई करू नका. दोन-तीन संध्याकाळी घरात, गालिच्यावर, तासभर घालून बसा, टीव्ही बघा, चवड्यावर जोर देऊन उठबस करा. क्लीट एकदा आवळली की सोलवर तिचे ओरखडे उमटतात आणि मग बूट परत घ्यायला कुणी सहसा तयार होत नाही. चार मिलिमीटरची अ‍ॅलन की तोवर खणातच राहू द्या.