सोयाबीनमधली दुसरी वेलांटी

शाळेत वेलांटीचे मार्क कापले जायचे तेव्हा वाटायचं, काय फरक पडतो? आता लॅबमध्ये त्याच वेलांटीवरून आकडा चुकतो. सोयाबीनमध्ये आयसोफ्लेवोन नावाची द्रव्यं असतात, त्यात एक जेनिस्टीन, दुसरं जेनिस्टिन. दुसऱ्या वेलांटीवालं मोकळं, पहिल्या वेलांटीवाल्याच्या पाठीवर ग्लुकोज बसलेला. रेणूभार बघा, मोकळ्याचा 270, साखरवाल्याचा 432, म्हणजे 100 मिग्रॅ जेनिस्टिनमधून साखर काढली की हातात साधारण 62 मिग्रॅ जेनिस्टीन.

आता काढायचं कसं? दाणे घेतले, समजा आगरकर संस्थेचं एमएसीएस 1407 वाण, तर आधी दळून हेक्झेनने तेल काढून टाकायचं. मग 80 टक्के मिथेनॉलमध्ये हलवत ठेवायचं, सेंट्रीफ्यूज केलं की चोथा खाली बसतो आणि वरचं पिवळसर द्रव गाळून घ्यायचं. सोपं वाटतं ना? पण पटकन उतरावं म्हणून चहासारखं उकळलंत तर गडबड झालीच, कारण कच्च्या दाण्यात बऱ्याच आयसोफ्लेवोनच्या साखरेला मॅलोनिल नावाचं एक शेपूट असतं आणि ते उष्णतेने तुटतं, म्हणजे टेस्ट ट्यूबमध्येच स्वयंपाक झाला की! कोथरूडच्या वाण्याकडच्या सोया वडीत तर हे कारखान्यातच झालेलं असतं, मशीनच्या कोरड्या उष्णतेत शेपूट अर्धवट तुटून ॲसिटिल नावाचं आखूड शेपूट उरतं. काही पद्धतींत मुद्दाम कॉस्टिक सोडा घालून सगळीच शेपटं छाटतात, मग आयसोफ्लेवोनच्या 12 प्रकारांऐवजी 6 मोजले की झालं. मला ही आळशी युक्ती आवडते, पण मूळ दाण्यात काय होतं ते त्यातून कळत नाही हेही खरं.

पुढे एचपीएलसी, म्हणजे मिश्रणातली द्रव्यं वेगळी करून मोजणारं यंत्र. त्यातल्या सी-18 कॉलममधून, म्हणजे तेलकट लेपाच्या कणांनी भरलेल्या नळीतून जाताना साखरवाले पाण्याच्या ओढीने लवकर बाहेर, मोकळे मात्र लक्ष्मी रोडवर दर दुकानाशी थांबणाऱ्यांसारखे रेंगाळत येतात. 260 नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात एकेकाचं शिखर आलेखावर उमटतं. टेंपे किंवा मिसो या आंबवलेल्या सोया पदार्थांमध्ये बुरशीचं एन्झाइम साखर कापतं, त्यामुळे तिथे मोकळ्यांची शिखरं वाढतात.

सप्लिमेंटच्या डबीवर नुसतं ‘आयसोफ्लेवोन 50 मिग्रॅ’ दिसलं की मी आधी विचारतो, साखरेसकट की साखर सोडून? आमच्या फ्रीजमध्ये दोन्ही स्टँडर्डच्या, म्हणजे तुलनेसाठीच्या शुद्ध नमुन्यांच्या, बाटल्या शेजारीशेजारीच आहेत, मराठी चिठ्ठ्या मीच लावल्यात, आणि एकदा चुकीची उचलल्यापासून दुसरी वेलांटी लाल मार्करने गिरवून ठेवलीये.