चौकात भित्तिचित्र किंवा शिल्प करायचंय? सांगलीत अर्ज कुठे अडतो आणि कागद कोणते लागतात

सांगली, मिरज, कुपवाड, कुठेही बघा, मंडळांचे अर्ज परत येतात ते चित्र पसंत पडलं नाही म्हणून क्वचितच. भिंत कुणाची आणि चौकातली जागा कुणाची, याचा कागद नसतो म्हणून येतात. तेव्हा चित्रकार ठरवायच्या आधी मालक शोधा.

अर्ज कुणी करावा? नोंदणीकृत मंडळ, संस्था, शाळा किंवा गृहनिर्माण सोसायटीने केला तर बरं. गल्लीतल्या पोरांनी मिळून काम करायचं असेल तर अशाच एखाद्या संस्थेच्या लेटरहेडवर अर्ज द्या. पुढे देखभालीचं हमीपत्र मागतात आणि एकट्या माणसाच्या नावावर ते घ्यायला कार्यालय कचरतं. अर्ज महापालिका आयुक्तांच्या नावे, आवक विभागात. पोच घेताना शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक तिन्ही बघा; एक प्रत प्रभाग समिती कार्यालयात द्या. नगरसेवकांचं शिफारसपत्र जोडा हवं तर, पण ती परवानगी नव्हे. त्या पत्रावर रंगकाम सुरू करणारे अजूनही भेटतात.

आता मालकी. खासगी भिंतीसाठी मिळकत पत्रिका लागते, म्हणजे आपला सिटी सर्व्हेचा उतारा. नगर भूमापन कार्यालयात मिळतो, महाभूमीच्या संकेतस्थळावर डिजिटल सहीचाही मिळतो. घरपट्टीची पावती मालकीचा पुरावा नाही, ती जोडून आलेला अर्ज हमखास परत. खरी गोची पुढे आहे: उताऱ्यावर आजोबांचं नाव, आजोबा वारलेले, वारसनोंद झालेली नाही, एक भाऊ पुण्यात. इथे राहणाऱ्या एकाच भावाची सही घेऊन काम करू नका. सगळ्या वारसांचं संमतीपत्र घ्या, नाहीतर अर्धं चित्र झाल्यावर हरकत येते. विनापरवाना भिंत रंगवली तर १९९५ च्या महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध कायद्यात तीन महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. चित्र सुंदर आहे हा बचाव तिथे उपयोगाचा नाही.

‘भिंत सरकारी आहे’ असं अर्जात लिहून काहीच होत नाही. जिल्हा परिषदेची शाळा, एसटीचं आगार, महावितरणचा ट्रान्सफॉर्मर, रेल्वेचा पूल, प्रत्येकाचं ना-हरकत पत्र वेगळं. शाळेच्या कंपाउंडला मुख्याध्यापकांची सही पुरत नाही, जिल्हा परिषदेचं पत्र आणा. चौकातल्या जागेचा कागद तर कुणाकडेच नसतो, कारण रस्त्याचा उतारा घरात ठेवतं कोण? रस्ता महापालिकेचा की सार्वजनिक बांधकाम विभागाचा, हे महापालिकेच्या बांधकाम विभागाकडून लेखी घ्या. हे पत्र पहिल्याच दिवशी मागा. त्याच्याशिवाय फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरते आणि प्रत्येकजण ‘आमच्याकडे येत नाही’ म्हणून मोकळा होतो.

दुसरा अडथळा म्हणजे काम नेमकं कशात मोडतं. सर्वोच्च न्यायालयाच्या १८ जानेवारी २०१३ च्या आदेशाने सार्वजनिक रस्ते, पदपथ अशा जागी पुतळा किंवा बांधकामाला परवानगी देता येत नाही. त्याच आदेशात रस्त्याच्या सुशोभीकरणाला सूट आहे, हे मात्र सोयीस्कर विसरलं जातं. भित्तिचित्र किंवा शोभेचं शिल्प असेल तर अर्जात ‘सुशोभीकरण’ असंच लिहा आणि वाहतुकीला, पादचाऱ्यांना अडथळा नाही हे नकाशावर मापांसह दाखवा. एखाद्या महापुरुषाचा अर्धपुतळा बसवायचा असेल तर हा मार्गच नाही. त्यासाठी २०१७ चा शासन निर्णय बघा. तिथे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती आणि कला संचालनालयाची मान्यता आली. चित्राखाली प्रायोजकाचं नाव मोठं घातलंत की मामला जाहिरातीत जातो, शुल्क आणि परवाना वेगळा. शिवाजी महाराजांचं किंवा गांधीजींचं चित्र असेल तर दुकानाचं नाव शेजारी नकोच. १९५० च्या बोधचिन्हे व नावे कायद्यात व्यापारासाठी तसा वापर मना आहे.

कृष्णाकाठच्या पेठांना आणखी एक अडचण. निळ्या पूररेषेच्या (नदीलगतच्या बांधकामबंदी पट्ट्याची हद्द) आत चौथरा, कट्टा असं पक्कं काम मागू नका. भिंत रंगवणं वेगळं, पण २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, तेव्हा रंग कुठवर टिकेल याचाही विचार करा. पुरात भिजलेल्या जुन्या भिंतीला लोणा (क्षारांचा पांढरा थर) असतोच. तो खरवडून, भिंत पुरती वाळवून, प्रायमर मारल्याशिवाय रंग पापुद्र्यांनी सुटतो. नवा गिलावा असेल तर निदान २८ दिवस थांबा.

बाकी जोडायचं ते असं: मूळ आकारमान लिहिलेलं रंगीत संकल्पचित्र, जागेचे दोन-तीन फोटो, खर्चाचं अंदाजपत्रक, कलाकाराचं संमतीपत्र (चित्र इंटरनेटवरून उचललेलं नाही, हे त्यात लिहून घ्या), देखभालीचं हमीपत्र आणि रहिवाशांच्या सह्या. सह्या एकाच पेनाने, एकाच हाताच्या दिसल्या की संशय येतो. चौकाकडे तोंड असलेल्या दुकानदारांच्या सह्या आधी घ्या, हरकत तिथूनच येते. वर्गणी गोळा करणार असाल आणि विश्वस्त संस्था म्हणून नोंदणी नसेल, तर सहायक धर्मादाय आयुक्तांकडून महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१क ची परवानगी घेऊन मगच पावतीपुस्तक छापा.

अर्ज पावसाळ्यातच टाका, म्हणजे पत्रव्यवहार संपेपर्यंत भिंती वाळतात. निवडणूक जवळ असेल तर आणखी आधी टाका. आचारसंहिता लागली की फाइल जिथे असेल तिथे थांबते.